खालची ओळ

माझा धाकटा भाऊ चष्मेवाला. सगळं कोसळलं त्या आठवड्यात लोक धान्य, पांघरुणं आणि पोरं घेऊन पळत होते, आणि हा शहाणा दुकानातले काचांचे तीन खण उराशी धरून माझ्या दारात उभा राहिला. पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी म्हटलं, "अरे, हे काय खायचं आपण?" तर म्हणे, "ताई, लोकांना दिसायला तर लागेलच ना." मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्याचंच खरं झालं. वीज गेली, गाड्या थांबल्या, सरकार कुठे गेलं ते कुणाला कळलं नाही, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला सुईत दोरा ओवता येईना तो येईनाच.

त्या काचांनीच आम्हाला शाळेत जागा मिळवून दिली. उंच भिंतीची, लोखंडी फाटकाची जुनी शाळा होती. तिथे एकशे चाळीस माणसं राहत होती आणि शाळेच्या हेडबाईच सगळा कारभार बघायच्या. नियम साधा होता. ज्याचं काम चालू, त्याचा वाटा चालू. काम थांबलं आणि टंचाईचा महिना आला, की तीन दिवसांचं खाणं हातात द्यायचं आणि फाटक उघडायचं. आदल्या वर्षी शिंप्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्याला असंच बाहेर काढलं. त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, खोटं कशाला बोलू?

मला स्वयंपाकघरात काम होतं. भावाला प्रयोगशाळेची खोली दिली होती. शिवणयंत्राच्या पायट्याला त्याने सहाणेचं चाक जोडलं आणि त्यावर काचांच्या कडा घासायचा. गिऱ्हाईक आलं की जुनी दुकानदारी उतू जायची. "वा वा, या फ्रेममध्ये तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता!" असं तो ऐंशीच्या म्हातारीलाही सांगायचा, आणि ती बया लाजायची.

टंचाई सुरू व्हायच्या चार महिने आधी एकदा त्याने तांब्यातलं पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं. मी ओरडले, तर हसला. आठवड्यात तीनदा ओतलं तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. त्याला उजेडात बसवून डोळ्यांत पाहिलं, तर दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय. मोतीबिंदू. पूर्वी लोक सकाळी जाऊन दुपारी घरी यायचे त्याचं ऑपरेशन करून. आता ते करणारा हात कुठून आणायचा?

तेव्हापासून डोळे माझे आणि बोटं त्याची, असा आमचा धंदा चालला. कडा तो बोटांनीच घासायचा, तिथे काही अडत नव्हतं. काच कुठली आहे ते ओळखायला मात्र मी लागायचे. भिंतीवर एक उभी रेघ होती. तिच्यासमोर मी काच हलवायची आणि तो विचारायचा, "रेघ काचेबरोबर सरकते की उलटी पळते?" बरोबर सरकली तर लांबचं बघायची काच, उलटी पळाली तर जवळचं बघायची. स्वयंपाकघरातून मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून पळायचे. कुणी नुसतं "चष्मेवाले आज गप्प दिसतात" म्हटलं, तरी मला दरदरून घाम फुटायचा.

यात सगळ्यात अवघड होती राखणदारांची तपासणी. गच्चीवर पाळीपाळीने सहा माणसं रस्त्याकडे बघत बसायची. पूर्वी एकाचा चष्मा ऐन वेळी फुटला, बाहेरचे लोक आत घुसले आणि आमची दोन माणसं गेली. तेव्हापासून चष्मा लागला की गच्ची बंद, असं ठरलं होतं. दर दोन महिन्यांनी भाऊ त्यांना समोर उभं करून अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा. तीस वर्षांत तक्ता त्याला तोंडपाठ झाला होता. छडी कुठे टेकवायची ते हाताला माहीत होतं. राखणदार वाचायचा, हा मान डोलवायचा, आणि मी दाराशी जीव मुठीत धरून उभी.

आणि माती खाल्ली ती मीच. झालं असं, की मला न विचारता याने एका बाईला "चष्मा उद्या देतो" असा शब्द दिला. डोळे माझे आणि शब्द याचा! मी दोन दिवस अबोला धरला. त्याच दोन दिवसांत तक्त्याच्या खालच्या दोन ओळी वाळवीने खाल्लेल्या दिसल्या. मी एका नकाशाच्या पाठीवर काजळीने नवा तक्ता काढला. वरच्या ओळी उतरवल्या आणि खालच्या दोन मला सुचतील त्या अक्षरांनी भरल्या. सांगितलं का त्याला? नाही सांगितलं. बोलायचं नव्हतं ना मला!

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीचा राखणदार तपासणीला आला. सगळे त्याला उंट म्हणायचे. मान लांब, चाल संथ, स्वभाव गरीब. त्याच्या बायकोला आठवा महिना लागला होता. भावाची छडी खालच्या ओळीवर टेकली आणि उंटाने घडाघडा वाचलं, "ग, प, न, ल, र."

तिथे आता ब, म, ट, क, स होतं.

"शाब्बास," भाऊ म्हणाला. "उत्तम नजर."

तक्त्यावरचं एकालाही दिसत नव्हतं, आणि दोघंही एकमेकांकडे बघून समाधानाने हसत होते. उंट गेला तसं मी दार लावलं आणि दोन दिवसांचा अबोला एका दमात मोडला. सगळं सांगितलं. भाऊ स्टुलावर बसला.

"मला संशय होताच," तो म्हणाला. "खरं वाचणारा माणूस खालच्या ओळीला अडखळतो, ताई. हा कधीच अडखळला नाही."

"आणि तू पास करत राहिलास? अरे, एकशे चाळीस जीव आहेत भिंतीच्या आत!"

"त्याची बायको बघितलीस ना? राखणदाराच्या घरालाच दूध मिळतं. आणि त्याला पाडलं असतं तर त्याने विचारलं असतं, चष्मेवाले, तुम्हीच जरा दुसरं काहीतरी वाचून दाखवा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला भीती वाटली गं."

मला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त कीव आली. हेडबाईंकडे जावं तर भाऊ फाटकाबाहेर. गप्प बसावं तर तो आंधळा उंट गच्चीवर. चार दिवसांपूर्वीच दूर रस्त्याखालच्या मोरीपाशी बाहेरच्यांच्या चुलीचा धूर दिसला होता. शेवटी मी म्हटलं, "चष्मा करू त्याला. गच्चीवर लपून लावू दे." तेवढंच सुचलं. भावाने मान डोलवली आणि म्हणाला, "आधी मला नवी अक्षरं सांग." मी सांगितली. त्याने ती पाचसहा वेळा पुटपुटून पाठ केली, तेव्हा कुठे मला जरा हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चष्मा झाला. लांबचं बघायच्या काचा रेघेसमोर हलवून मी अंदाजाने निवडल्या, कडा त्याने घासल्या. पदराखाली लपवून मी गच्चीवर गेले. उंट कठड्याला टेकून रस्त्याकडे डोळ्यात तेल घालून बघत होता. काय बघत होता देव जाणे. मी म्हटलं, "मला सगळं ठाऊक आहे. आता वाद नको, हा लाव." तो पांढराफटक पडला, पण लावला. थोडा वेळ गंमत वाटल्यासारखा झाडांकडे बघत राहिला. मग त्याचं तोंड उघडं पडलं.

"ताई, मोरीपाशी माणसं आहेत. वीस तरी असतील. विहिरीकडेच येतायत!"

फाटकाबाहेरच्या विहिरीवर आमच्या चार बायका पाणी भरत होत्या, आणि फाटक सताड उघडं होतं. उंटाने घंटा बडवायला सुरुवात केली. मी कठड्यावरून घसा फाटेस्तोवर ओरडले. बायका हंडे टाकून पळाल्या. शेवटची आत आली आणि फाटक लागलं, तेव्हा बाहेरच्यांच्या हातातल्या सळ्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होत्या. ते बराच वेळ उभे राहिले. मग विहिरीवरचे हंडे उचलून निघून गेले.

हेडबाई वर आल्या, तोवर उंटाला चष्मा काढायचं भानच नव्हतं.

तासाभराने सगळे पटांगणात जमले. उंट रडत म्हणाला, "मी अक्षरं पाठ केली होती. चष्मेवाल्यांना फसवलं." हेडबाईंनी प्रयोगशाळेतून तक्ता आणवला आणि भावाला म्हणाल्या, "तीस वर्षं नजरा तपासणाऱ्याला याने फसवलं, की तुम्हालाही दिसत नाही? खालची ओळ वाचा."

मी मनात ओरडत होते, ब, म, ट, क, स, बोल रे बाबा, बोल! पाच अक्षरं की सुटला. पण तो सुटला असता तर सगळा दोष उंटावर, आणि लबाडी केलेल्या राखणदाराला त्याच संध्याकाळी बायकोसकट बाहेर काढलं असतं. ती बिचारी भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून उभी होती. भावाला ती दिसत नव्हती, पण तिचं हुंदके देणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मला काही दिसत नाही, बाई," तो म्हणाला. "चार महिने झाले. त्याला मी जाणूनबुजून पास केलं."

त्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी आणि मग त्याला पोटाशी धरावं असं वाटलं मला. हेडबाई म्हणाल्या, की विहिरीवरच्या चौघी वाचल्या त्या चष्म्यानेच, म्हणून गच्चीचा नियम आता मोडला. चष्मा लावून उंटाला दिसतं, तेव्हा तो गच्चीवरच राहील. शिंप्याला जो नियम लावला तो मात्र चष्मेवाल्यांनाही लागेल. मी सांगून पाहिलं, की डोळे माझे आहेत, काम चालू आहे. त्यांनी मान हलवली. दोघांत मिळून एका माणसाचं काम होतं, म्हणाल्या, आणि धान्य बारा दिवसांचं उरलंय.

"तुला कुणी जा म्हणत नाही," त्या मला म्हणाल्या.

"पहिल्याच गटारात पडेल तो," मी म्हटलं. "मला जायलाच हवं."

सोमवारी सकाळी फाटक उघडलं. मी पुढे, भावाचा हात माझ्या खांद्यावर, खणातल्या उरलेल्या काचा त्याच्या पाठीवरच्या पिशवीत. पन्नास पावलं गेलो असू, तोच गच्चीवरून उंटाची हाक आली, "डाव्या हाताने जा, ताई! तिकडे कुणी नाही!"

भाऊ थांबला. "चष्मा लावूनच सांगतोय ना तो?"

मी वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी भरलं होतं. शाळा, गच्ची, माणूस, मला काही म्हणता काही धड दिसत नव्हतं.

"हो, लावलाय," मी म्हटलं, आणि त्याला घेऊन डाव्या हाताला वळले.