कठीण उतारे सोडवून मिळतील

कुठल्याही अवघड गोष्टीत लग्नघर दिसणारा आमच्या सरांसारखा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. पंचवटीतल्या गल्लीत त्यांची शिकवणी होती आणि दारावर पाटी, ‘कठीण उतारे सोडवून मिळतील’. ती वाचून दिंडोरीहून आलेले माझे वडील थेट आत शिरले. “साहेब, सातबाऱ्यावर नाव लय चुकलंय, तेवढा उतारा सोडवा.” सरांनी सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “तो उतारा तलाठ्याकडं. माझ्याकडं प्रवेश परीक्षेतले. घरात कुणी बसतंय का परीक्षेला?” बसत होते मी. एक खेप वाया गेली होती आणि याही वेळी जमलं नाही तर डॉक्टरकी विसरायची, असं घरात ठरलं होतं.

माझं दुखणं एकच, शास्त्राचा उतारा आला की मी पहिल्याच अवघड शब्दापाशी थबकायची आणि तिथेच वेळ संपायचा. सर कपाळावर हात मारायचे. “अगं, लग्नाला गेलीस की मांडवातल्या प्रत्येकाचं नावगाव विचारत बसतेस का? नवरा कोण, नवरी कोण आणि रुसलंय कोण, एवढं बघ. शब्द अडला तर त्याला मामा म्हण आणि पुढं हो!” म्हणून आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, आणि ‘मात्र’ दिसला की त्याखाली रेघ. “मात्र आला, की तिथं कुणीतरी रुसलंय. प्रश्न हमखास त्याच्यावरच.” वेळ लावायला घड्याळ नव्हतं, आतल्या खोलीतला सरांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या बाईंचा, कुकर होता. शिट्ट्या संपायच्या आत उतारा संपला पाहिजे. एकदा बाईंनी दया येऊन गॅस बारीक केला, तर सर केवढे तापले! “परीक्षेत तू असणारेस का गॅस बारीक करायला?”

परीक्षेत पेशींच्या पडद्यावरचा एक उतारा माझ्याशी बोलेचना. तेवढ्यात सरांचं नेहमीचं वाक्य आठवलं, “रुसलेल्याला मनवत बसू नकोस, पंगत उठेल!” मी तो सोडला, पुढचे सगळे सोडवले, आणि प्रवेश मिळाला.

मागच्या हिवाळ्यात सर आमच्याच वॉर्डात आले. त्यांचा आजार समजावून सांगताना मी शब्दांमागे लपत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “फार लांबला उतारा. रुसलंय कोण, ते सांग.”

“मूत्रपिंडं, सर. दोन्ही.”

“मानतील?”

मी त्यांचा केसपेपर उलटसुलट करत राहिले. त्यांनी माझा हात थोपटला. “मग इथं अडून बसू नकोस. पलीकडच्या खाटेवरचा मघापासून वाट बघतोय. जा.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले. बाई मुलाकडे राहायला गेल्या, पाटी उतरली, शिकवणीतली पोरं आपापल्या वाटेला लागली. मी मात्र अजून सरांच्या त्या खाटेपाशी थबकते.

‘मात्र’ आला, सर. रुसलंय कोण, ते तुम्हाला सांगायला नको.