बुडबघ्यांचा डूख

कुणाच्याही घरी चहा ओतायच्या आधी ते कप मागून घ्यायचे आणि उलटा करून बूड बघायचे. म्हणून आमच्या ह्यांनी त्यांचं आडनावच ठेवलं, बुडबघे. इथे परदेशात, व्हिटबीतले आमचे शेजारी, मूळचे पोलंडमधल्या एका लहानशा कारखान्याच्या गावचे. सगळे मला वहिनी म्हणतात, तर त्यांना वाटलं तेच माझं नाव. शेवटपर्यंत मी ‘मिसेस वहिनी’च राहिले.

त्यांच्या गावात इनॅमलची भांडी बनत. अख्ख्या गावाचं पोट त्या भट्टीवर. भांड्यांवरचा निळा कोंबडा देशोदेशी गेला. तो काढलेला त्यांच्या आईनं, हेलेनानं. आपल्या हातच्या प्रत्येक कपाच्या बुडाला ती चोरून एक निळा ठिपका द्यायची. कारखाना बंद पडला, त्याचं म्युझियम झालं, आणि पाटीवर काय? कोंबडा म्हणे मॅनेजरसाहेबांनी काढला! म्युझियम चालवतो कोण, तर त्याच मॅनेजरचा नातू. घ्या!

बुडबघ्यांनी पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग ते जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ठिपक्याचे कप हुडकू लागले. दर महिन्याला एक कप त्या नातवाला, रजिस्टर्ड पोस्टानं. पाठवणाऱ्याचं नाव, हेलेना.

"सही केल्याशिवाय पार्सल मिळत नाही, मिसेस वहिनी. दर महिन्याला तो माझ्या आईच्या नावासमोर सही करतो." हे सांगताना म्हातारा असा काही खूश व्हायचा!

"अहो, किती डूख धरायचा?" मी एकदा म्हटलं. डूख म्हणजे काय, तो साप कसा धरतो, सगळं समजावलं. शब्द त्यांना भयंकर आवडला. पुढे नातवाचं पत्र आलं, ‘सॉरी, पण आता पुरे करा.’ ते त्यांनी फ्रिजवर लावलं आणि खाली मला मराठीत लिहायला लावलं: डूख.

"सॉरी नको. पाटी बदल, मग थांबतो," म्हणाले.

पाटी बदलली नाही. गेल्या विंटरमध्ये ते गेले. मी रडले, पण त्याहून जास्त संतापले. तो मेला नातू तिकडे ‘सुटलो’ म्हणत असेल ना!

परवा थ्रिफ्ट स्टोअरमध्ये निळा कोंबडा दिसला. कप उलटा केला. ठिपका होता. तशीच पोस्टात गेले. त्यांच्या पार्सलांवर वाचून वाचून पत्ता तोंडपाठ होताच.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सेंडर्स नेम?"

"हेलेना," मी म्हटलं. "आणि सिग्नेचर रिक्वायर्ड."