धमाक्याकडे न पाहणारा

कळमन्याच्या धान्यबाजारात पोती उचलता उचलता बाबांची कंबर गेली, तेव्हापासून आमचं घर आईच्या हातांवर चाललं. ती लग्नांमध्ये चुलीवरच्या उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकायची. त्यातूनच माझ्या कॉलेजची फी निघायची.

शेजारचे भाऊ परदेशात आपल्या दूतावासाच्या गेटवर सुरक्षा इन्स्पेक्टर आहेत. सुट्टीवर आले तरी ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहतात आणि बसतात नेहमी भिंतीला पाठ लावून. गल्ली हसायची. "साहेब, इथं कोण बॉम्ब टाकून राहिलं जी?" भाऊही हसायचे, पण भिंत सोडायचे नाहीत.

गल्लीतल्याच एका लग्नात नवरदेव आला आणि फटाक्यांची लड कडाडली. आम्ही सगळे तिकडे वळलो, रोटी टाकणारी आईसुद्धा. भाऊ एकटेच उलटे वळले. आईच्या पदरानं पेट घेतल्याचं फक्त त्यांना दिसलं. कोणी ओरडायच्या आत त्यांनी पदर ओढून, फाडून, पायाखाली विझवलाही होता.

"अरे बाप्पा, नवी साडी व्हती माही!" आई म्हणाली आणि मग जळका तुकडा उचलून पाहत बसली.

"भाऊ, तुम्ही नवरदेवाकडे काहून नाही पाहिलं?" मी विचारलं.

"तिकडं तर सारेच पाहून राहिले होते नं. धमाका झाला का आम्ही बाकीच्या बाजू पाहतो. गेटवर कामच ते हाय."

गेटवरचा माणूस नुसता उभा असतो, असं मला तोवर वाटायचं.

आईच्या हातांना काही झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली.