मेलेल्या मायचं गाणं

यंदा दिवाळीच्या आधी नाटक कंपनीच्या मालकांचा फोन आला. "बाई, यंदा तुम्ही माय करा."

तीस वर्षं मी नायिका केली. धान निघालं, शेतातल्या रिकाम्या बांध्यांत मंडप पडले की होळीपर्यंत गावोगाव मीच. विचारलं, "अन् हिरोईन?" तर म्हणे, नागपूरची एक पोरगी मिळाली आहे. मायला गाणं एकही नाही. मी फोन आपटला. नवरा म्हणाला, "कायले चिडून राहिली? पन्नाशी झाली ना वं." त्या दिवशी त्याच्या वरणात मीठ पडलं नाही.

पण मंडईचे, गावजत्रांचे दिवस आले की आमगावच्या घरात माझा पाय ठरत नाही. गेले मुकाट्यानं.

पहिला प्रयोग नवेगाव बांधजवळच्या एका गावात होता. आमच्या झाडीपट्टीत नाटकाला तालीम नसते, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. आम्ही दुपारी पोचतो, गावातल्या घरी जेवतो, आणि प्रयोगात प्रॉम्प्टर विंगेतून सांगेल ते बोलतो. गाण्याची पट्टी तेवढी ऑर्गनवाल्याला आधी सांगून ठेवायची. पोरीनं सांगितली, माझ्यासमोर. पांढरी चार. माझी काळी पाच, म्हणजे बरीच वरची. ऑर्गनवाले दादा तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात सारून म्हणाले, "समजलं जी."

दुसऱ्या अंकात माय मरते. मी मेले. अंगावर चादर पडली. पोरगी माझा हात धरून रडली, चांगली रडली, आणि ऑर्गन वाजला. मी चादरीखाली दचकले. काळी पाच! हेच विलापाचं गाणं वीस वर्षं मी गायलेलं. दादांची बोटं सवयीनं माझ्याच सुरावर गेली होती.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. होऊ दे फजिती, म्हटलं, मग मालक येतील नाक घासत. पोरीनं पहिली ओळ उचलली आणि वर जाताना तिचा गळा चिरकला. पुन्हा उचलली, पुन्हा चिरकला. मंडपातून कोणी ओरडलं, "कोंबडी पकडली का बे?" हशा पिकला. माझ्या हातावरचा तिचा हात थंडगार पडला होता. माझ्या लेकीएवढी पोर. पहिल्याच प्रयोगात असं हसं झालेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. सकाळच्या गाडीनं जातात, पुन्हा येत नाहीत. मला माझीच लाज वाटली.

मग मी गायले. हळूच सूर द्यावा, तिनं तो धरावा, एवढाच विचार होता. पण काळी पाच हळूच गाता येते होय? चादरीखालून अख्खी ओळ मंडपभर गेली. मग पुढे बसलेली एक म्हातारी किंचाळली, "अवं माय वं, मुर्दा गाऊन राहिला!" आणि टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोर! वन्स मोर!"

ते मला मागत होते. उठून बसले असते तरी चाललं असतं. आमच्याकडे मेलेला नट वन्स मोरला उठतो, गातो आणि पुन्हा मरतो; कोणाला त्याचं काही वाटत नाही. उठावंसं फार वाटलं. मी चादरीतूनच दादांवर खेकसले, "पांढरी चार द्या जी! झोपले का?" आणि पोरीचा हात दाबला. "म्हण आता. मी मेली."

ती गायली. स्वतःच्या पट्टीत गायली. गळा माझ्याइतका चढत नाही तिचा, पण त्यात ओल आहे. माझ्यात ती कधी नव्हती. बायका रडत होत्या का ते चादरीतून दिसलं नाही, नाकं शिंकरल्याचं मात्र ऐकू येत होतं. दुसरा वन्स मोर तिचा होता.

तिसऱ्या अंकात मला काम नव्हतं. प्रॉम्प्टरच्या बाजूला स्टूल ओढून बसले. वीस वर्षं प्रत्येक अंकात मीच, त्यामुळे हे नाटक मी कधी बघितलंच नव्हतं. मस्त आहे जी नाटक! शेवटी नायिकेला न्याय मिळाला, तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी मी वाजवली.