धरणाच्या पाण्याची राखण

डिंभे धरण भरलं तेव्हा आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही वर डोंगराच्या कडेला राहायला आलो. आम्ही महादेव कोळी. नावात कोळी असलं तरी आमच्यात कुणी कधी होडी चालवली नव्हती, सगळं भात-नाचणीवर. जमीन गेल्यावर पुरुष मासे धरायला लागले. आळेफाट्याच्या गॅरेजातून ट्रकच्या जुन्या ट्यूब आणायच्या, त्यावर पालथं पडून हातानं पाणी मारत जायचं आणि जाळं टाकायचं.

पुढं आमच्या माणसांनी मासेमारीची सोसायटी काढली. आई तिच्या कमिटीत होती. होड्यांसाठी आणि माशांच्या पिल्लांसाठी सरकारी अनुदान मंजूर झालं, तेव्हा मत्स्य खात्याचे साहेब बैठकीला आले. पिल्लं मोठी होईस्तोवर राखण कोण करणार, बाहेरचा वॉचमन नेमायचा का, असं त्यांनी विचारलं. आई उभी राहिली.

"साहेब, हे पाणी आमच्या घरांवर उभं हाय. राखण आमीच करू."

मी मागं पोरींत बसले होते. आपली आई एवढ्या माणसांत बोलली, याचंच मला केवढं वाटलं. त्याच बैठकीत कमिटीनं ठरवलं, की पावसाळ्यात कुणी जाळं टाकायचं नाही, आणि बारीक विणीचं तर कधीच नाही.

पिल्लं प्लास्टिकच्या फुगीर पिशव्यांतून आली. पिशव्या आधी तशाच पाण्यात तरंगत ठेवल्या, आतलं नि बाहेरचं पाणी सारखं गार झाल्यावर तोंडं सोडली. घरचं कार्य असावं तशी सगळी वस्ती काठावर लोटली होती.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी माझा थोरला मामाच बारीक जाळ्यासकट सापडला. आई काठावर गेली, मी तिच्या मागं. तिनं जाळं गोळा करायला घेतलं.

मामा म्हणाला, "बाय, भावाचं जाळं नेतीस?"

"भावाचंच आधी न्यायला पायजे, दादा. न्हायतर दुसऱ्याला सांगायला तोंड ऱ्हाणार न्हाई."

मामानं जाळ्यावरचा हात काढला. जाळं सोसायटीच्या खोलीत जमा झालं. मामानं आमच्याकडं येणं सोडलं, भाऊबीजेलाही फिरकला नाही. आईनं ओवाळणीचं ताट केलं होतं, ते तसंच उचलून ठेवलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं आणि मासा लागायला लागला. असला मासा आमच्या लोकांनी पाहिलाच नव्हता. माल न्यायला घोडेगावचा टेम्पो रोज काठापर्यंत यायचा. एके दिवशी मामा थेट आमच्या अंगणात आला. खांद्यावर कटला मासा, शेपूट पार कमरेच्या खाली लोंबत होती.

"तू राखलास त्यातला हाय," तो आईला म्हणाला. "हितं कापू का सोसायटीत देऊ?"

आई म्हणाली, "आधी सोसायटीत वजन करून आण."

मामा हसत हसत परत उतार उतरला. वजन करून, नोंद घालून तोच मासा घेऊन आला, आणि आईनं त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.