यादीतलं दुसरं नाव

सुरतेतल्या उधन्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच खानदेशातले, लूमवर काम करणारे कारीगर. त्यांच्यातल्या एकाबद्दल मला लिहायचं आहे. तो धुळ्याकडचा, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. पंचवीसेक वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, काढल्यामुळे त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले आहेत.

पहिल्यांदा तो फोन बिघडला म्हणून आला होता. मी तपासला, फोन चांगला होता. मी मोठ्याने म्हणालो, "दादा, रिंग वाजते की!"

"वाजत असेल. माले काय ऐकू येस रे भाऊ!" तो हसला. मग त्याने खरी अडचण सांगितली. बायकोला साखरेचा त्रास होता. घरी साड्यांना खडे चिकटवत बसायची आणि अधूनमधून एकदम गळून जायची. तसं झालं की ती फोन करायची, आणि त्याला तो कळायचा नाही. फोन थरथरता ठेवून पाहिला होता. पण खात्यात फरशीपासून खांबापर्यंत सगळंच थरथरतं. शिवाय प्रत्येक फोनसाठी आठ माग सोडून बाहेर पळालं तर धागे तुटणार आणि सेठ शिव्या देणार.

"हाताला कळलं पाहिजे की फोन तिचा आहे," तो म्हणाला. "तेवढं कर."

मी तेव्हा मोबाइलच्या एका खुल्या प्रणालीवर फावल्या वेळात काम करायला लागलो होतो. खुली म्हणजे तिचा कोड कुणालाही वाचता येतो, बदल सुचवता येतो. कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली ते जुने फोन तिच्यामुळे चालू राहतात. जगभरातले लोक हे काम विनामोबदला करतात. मी दुकानात बसून शिकलो, चुकलो, अनोळखी माणसांनी मला धीराने समजावलं. माझ्या दहावीपर्यंतच्या शिक्षणाबद्दल तिथे कुणी कधी विचारलं नाही.

प्रत्येक माणसाच्या फोनसाठी वेगळी थरथर असावी, एवढं मी महिन्याभरात लिहून काढलं. दादाच्या फोनमध्ये घातलं. चार दिवसांनी तो परत आला.

"नाही कळत."

"जोर वाढवू?"

"जोराचा काय उपयोग? माग तुझ्या फोनपेक्षा जोरात आहे." त्याने माझा हात ओढून काउंटरवर पालथा ठेवला आणि मनगटामागे बोटाने ठोके दिले. दोन ठोके. मग थांबला, इतका वेळ की मला वाटलं संपलं. मग एक. "सारखं गुरगुरलं तर ते मागातच मिसळतं. मध्ये थांबलं पाहिजे. किती थांबायचं ते मी सांगतो."

त्यानंतर पाच महिने आम्ही ते केलं. तो बनियनच्या आतल्या खिशात, बरगडीला टेकवून फोन ठेवायचा. कापडाच्या ताक्यावर लावायच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर पेन्सिलीने रेघा आणि टिंबं काढून आणायचा: कोणता ठोका कळला, कोणता हरवला, कोणत्या मागापाशी उभं असताना हरवला. मी आकडे बदलायचो, पट्टी तो परत घेऊन जायचा. बायकोचा दोन-थांबा-एक. पोरीचा तीन सुटे.

"आणि सेठचा?" मी विचारलं.

"सेठचा मागात मिसळू दे."

शेवटी चुकणं थांबलं. मधल्या थांब्याची लांबी, दोन ठोक्यांतलं अंतर, सगळं त्याच्या पट्ट्यांवरून आलं होतं. मी ते कोडमध्ये उतरवून त्या खुल्या प्रणालीच्या प्रकल्पाकडे पाठवलं. तिथे स्वीकारलं गेलं. गोंगाटात काम करणाऱ्या दुसऱ्या देशांतल्या लोकांनी ते वापरून पाहिलं, आभार मानले. त्या भागाची देखरेख माझ्याकडे सोपवली गेली.

प्रत्येक भागासोबत योगदान देणाऱ्यांची एक यादी असते. तिचा नियम साधा आहे. ज्याने कोड लिहिला त्याचं नाव, ज्याने चूक दाखवली त्याचं नाव, ज्याने नुसतं वापरून काय झालं ते सांगितलं त्याचंही नाव. ती यादी मी भरली. तिच्यात एकच नाव लिहिलं, माझं.

नावासोबत ईमेल लागतो आणि दादाकडे ईमेल नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुकानात रोज मी लोकांना ईमेल काढून देतो. दोन मिनिटांचं काम आहे.

पुढे शहरातल्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. एका प्राध्यापकांनी विचारलं, ही थांब्याची कल्पना कशी सुचली? मी म्हणालो, "निरीक्षणातून." टाळ्या वाजल्या. मला काही वाटलं नाही. परत येताना उधना दरवाज्याला उतरून केळी घेतली, दुकान उघडलं, एका फोनची काच बदलली.

दादाची मुलगी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गात कुणीतरी हे काम दाखवलं, सुरतच्या माणसाचं म्हणून. ठोके तिने ओळखले. घरात रोज तेच तर चालायचं; जेवताना बाप ताटावर बोटाने वाजवून आईला विचारायचा, हा कळला का? तिने यादी उघडली. मग मागची सगळी नोंद पाहिली. खुल्या कामात कोणता बदल कुणी आणि कधी केला, सगळं कुणालाही दिसतं. बापाच्या पट्ट्यांवरचे आकडे माझ्या नावाने तिथे ओळीने होते.

तिने भांडण केलं नाही. नियमाप्रमाणे बदलाची विनंती पाठवली. एकच ओळ, यादीत बापाचं नाव. खाली लिहिलं होतं की यांनी पाच महिने चाचणी केली आणि थांब्याची कल्पना यांची आहे. देखरेख माझ्याकडे, म्हणून मंजुरीसाठी विनंती माझ्याकडेच आली. मी ती वाचली आणि फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचं काम बघणाऱ्या, कुठल्याशा थंड देशातल्या बाईंनी त्या विनंतीखाली मला विचारलं, तुम्ही याची खात्री देऊ शकाल का? सगळ्यांना दिसेल असं. हो एवढंच लिहायचं होतं. मी रोज तो प्रश्न उघडत होतो आणि मिटत होतो. लाज वाटायला हवी हे कळत होतं. पण जागा बधिर केल्यावर दाताचा डॉक्टर ओढतो तेव्हा नुसतं ओढणं कळतं, तसं चाललं होतं. नाव जोडलं की प्राध्यापकांना कळेल, एवढाच हिशेब डोक्यात फिरायचा.

सहाव्या दिवशी दादाची मुलगी दुकानात आली.

"काका, रिक्वेस्ट बघितली?"

"बघतो. कामं खूप आहेत."

"एक लाइन आहे, काका."

"नियम असतात, बेटा. तपासायला लागतं."

"सारू, ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही तपासा."

घरी जाऊन तिने पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे फोटो काढले आणि विनंतीला जोडले. बापाने त्या सगळ्या लोखंडी पेटीत जपून ठेवल्या होत्या. हे मला माहीत नव्हतं. बाईंनी माझी वाट पाहिली नाही. पट्ट्यांवरची टिंबं आणि कोडमधले आकडे जुळतात, असं लिहून त्यांनी स्वतःच मंजुरी दिली. त्यांच्या प्रश्नाखाली माझी जागा रिकामीच राहिली. ती आजही उघडून पाहता येते.

दोन दिवसांनी दुसऱ्या पाळीला जाण्याआधी दादा आला. मुलीने स्कूटीवर आणलं होतं.

"ही म्हणते माझं नाव लागलं. दाखव."

मी काउंटरवरचा स्क्रीन वळवून यादी उघडली. इंग्रजी त्याला वाचता येत नाही.

"कोणतं?"

मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तो वाकला. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे तुझं?"

मी मान हलवली.

"तू टाकलंस माझं. एवढ्या लांबच्या लोकांत." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी घरी सांगितलं, तो विसरणारा नाही."

मुलगी त्याच्या मागे उभी होती. तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ते सांगायला तिने मला जागा ठेवली होती.

मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "मी नाही टाकलं, दादा. पोरीने टाकलं. मी अडवून ठेवलं होतं." जितक्या हळू आवाजात म्हणता येईल तितक्या हळू. त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असताना.

तिला ऐकू गेलं.

"काका, जोरात बोला," ती म्हणाली. "पप्पांना ऐकू येत नाही."

"काय म्हणतो हा?" त्याने तिला विचारलं.

"त्यांनाच विचारा ना."

तो माझ्याकडे वळला, कानामागे हात धरला, आणि हसत वाट बघू लागला. मी काउंटरला वळसा घालून बाहेर आलो, त्याच्या अगदी जवळ. तोंड कानाला लावलं. मुलगी हलली नाही.

"चहा घेणार का, दादा?" मी ओरडलो.

"अर्धा," तो म्हणाला. "पाळी शे."