चिमूटभर नीळ

कळीचा चुना पाण्यात पडला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकाएकी सगळी बादली खदखदू लागते. त्याची ती उष्ण, कोरडी, घशाला झोंबणारी वाफ मला आजही आठवते. आश्विनातलं कोवळं ऊन घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत तिरपं शिरलं होतं आणि डोक्याला पंचा गुंडाळून, कुंचला हातात धरून आमचे हे भिंतीसमोर युद्धाच्या आवेशात उभे होते.

निमित्त पाहुण्यांचं. आमच्या शरदने लग्नासाठी नंदाला पसंत केलं होतं आणि तिचे आईवडील प्रथमच आमच्याकडे यायचे होते. आम्ही मालवणकडचे, ते सोलापूरकडचे बौद्ध. मुलगी गुणी, वडील शाळेत शिक्षक. पण ह्यांच्या मनातली अढी काही जाईना. तोंडावर नाही म्हणायची धमक नव्हती, म्हणून सबब काढली, घराला चुना लावायचाय, इतक्यात कोणी नको. शरदही ह्यांचाच मुलगा! रविवारपर्यंत होईल की, म्हणाला. झालं, स्वतःच्याच सबबीत सापडले. रंगारी बोलवा म्हटलं तर भिंत पांढरी करायला काय अक्कल लागते, असा उलटा सवाल मला.

लागते हो. जुने पोपडे खरवडावे लागतात, चुना फडक्यातून गाळावा लागतो, हाताला खोबरेल चोपडावं लागतं आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे धीर धरावा लागतो, कारण ओला चुना भिंतीवर दिसतच नाही, वाळेल तसा उजळतो. ह्यांनी यातलं एकही केलं नाही. स्टोव्हच्या धुराचा पिवळेपणा प्रत्येक हातानंतर पुन्हा वर येई. नीळ घातली की पिवळं मरतं, हे गावाकडून आणलेलं ज्ञान. म्हणून कपड्यांची नीळ आधी चिमूटभर, मग आणखी चिमूटभर, आणि शेवटी, वाळल्यावर फिकी पडते, तुला काय कळतंय, असं मला दटावत अख्खी पुडी बादलीत उपडी केली. देवनारच्या कचराभूमीकडून वारा सुटला की धुराचा कुबट दर्प घरात येई, म्हणून खिडक्या लावायच्या. लावल्या की भिंत वाळायची नाही. त्या कोंडलेल्या, ओलसर घरात आम्ही दोघं पोपड्यांवरून, बादलीवरून, कुंचल्यावरून भांडत होतो, आणि भांडण त्यातल्या कशाचंच नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी शरद ओट्यापाशी आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "आई, उद्या ते जे आणतील ते बाबांनी खाल्लं नाही, तर मी या घरात राहणार नाही." पोरगा बोलला की करतो, हे मला पक्कं माहीत होतं.

रविवारी भिंत वाळली. फिकी कसली, चांगली ठसठशीत निळी! नंदाच्या वस्तीत झेंड्यांवर, जयंतीच्या कमानींवर अभिमानाने झळकतो तोच निळा. आता ही माणसं काय समजतील, खुशामत की थट्टा? झाकायची म्हटली तरी एवढी मोठी चादर आणायची कुठून?

चारच्या सुमाराला ते आले. नंदाचे वडील बसायचं सोडून भिंतीपुढे उभे राहिले.

"मुद्दाम लावलात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "नीळ जास्त पडली."

खरं बोलले, पण ते खरंसुद्धा खोलीत तसंच पडून राहिलं. तेवढ्यात नंदाच्या आईने पिशवीतून डबा काढला, शेंगापोळ्यांचा खमंग वास चुन्याच्या वासावर पसरला, आणि तिने डबा पहिल्यांदा ह्यांच्याच पुढे धरला. ह्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात चुन्याचे आहेत, पुटपुटले. सबब पुन्हा आयती चालून आली होती. शरद खुर्चीवरून उठला.

आणि हेही उठले, मोरीत गेले. दुपारी आमच्याकडे नळाला पाणी नसे. पिंपात तांब्या बुडाल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा. एरवी एवढं पाणी उधळलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी पदराचं टोक मुठीत धरून नुसती ऐकत राहिले.

हे परत आले तेव्हा चुन्याने हातांची सालं निघाली होती, नखांत आणि भेगांत नीळ तशीच होती. परक्यांपुढे नेहमी छापील मराठी बोलणारा हा माणूस एकदम गावच्या बोलीत गेला. "रंग काय जाणा नाय," म्हणाले, "असोच खातंय."

आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. शरद खाली बसला.

पुढे त्या भिंतीवर कितीतरी रंग चढले. खिळा ठोकला की अजून आतून निळसर पूड पडते आणि आमची नंदा केर काढता काढता हसते. मला मात्र आठवतं ते पिंप. पाहुणे गेल्यावर बघितलं तर निम्म्याहून खाली गेलं होतं, दोन माणसांच्या आंघोळी झाल्या असत्या. नुसते हात धुवायला एवढं पाणी कशाला लागलं, हे मी ह्यांना कधीच विचारलं नाही.